उस्तादांचा डावा पाय

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि उत्तरपत्रिका सोडली तर आजवर मी काही लिहिलेलं नाही. एखाद्या माणसावर लिहायचं तर आपण त्याला नीट पाहिलेलं असावं लागतं. मी उस्तादांना नीट पाहिलं होतं का, याचीच मला खात्री नाही. तरी लिहितो. चुकलं तर ज्यांनी असा माणूस पाहिला आहे त्यांनी सांभाळून घ्यावं.

उस्ताद भित्रे होते. वारंगा फाट्यावर अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवणारा हा माणूस गाडीला भ्यायचा, आणि ते लपवायचा नाही. गाडीत बसले की किल्लीला हात लावण्याआधी ते गेअरच्या दांड्यावर तळहात ठेवत आणि दांडा डावी-उजवीकडे तीनदा हलवत. गाडी न्यूट्रलला आहे की नाही, ते बघायला. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी स्वतःच उभी केलेली असली तरी. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, आत्ता तर तुम्हीच उतरला होता." ते म्हणाले, "मी उतरलो, पण गाडी इथंच होती ना एकटी? एकट्या गाडीचा काय भरवसा." आणि हसले नाहीत.

त्यांच्या मते गाडीला चार पायडलं असतात. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि भेव. "पहिले तीन कंपनी देते. चवथं आपलं आपण आणायचं." सकाळी सहाला पहिला शिकाऊ गाडीत बसला की ते शेजारी बसून मोठ्यानं म्हणत, "चला, मला भेव वाटून राहिलं, तुला वाटते का?" तो "न्हाई" म्हणाला, तर त्याला पुन्हा खाली उतरवून चहा पाजायचे आणि मग विचारायचे.

मला हे विचारावं लागत नसे. डोंगरकड्याला आमचं थोडं कोरडवाहू रान आणि मेंढरं. बाबा म्हणाले होते, "डिग्रीचं काय होईल ते होईल, लायसन असू दे हाताशी." म्हणून मी शिकायला आलो आणि पहिल्याच दिवशी ऐन फाट्यावर गाडी बंद पाडली. मागं ट्रक, पुढं ट्रक, सगळे हॉर्न वाजवतायत, आणि माझ्या हातातून घाम गळतोय. उस्ताद शांतपणे म्हणाले, "भेव वाटलं की गाडी बाजूला घ्यायची. लाजायचं न्हाई. माझे पाय हायेत की इकडं." शिकवायच्या गाडीत उस्तादांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. त्या दिवशी गाडी त्यांनीच बाजूला घेतली. मी नुसतं स्टिअरिंग धरलं होतं.

आणखी एक गोष्ट ते प्रत्येकाला शिकवत. शेजारी बसणाऱ्याचं काम. "बाजूला बसलं म्हणजे झोपायला बसलं न्हाई. साध्या गाडीत तुझ्या पायाशी ब्रेक नसतो, पण हँडब्रेक मधोमध असतो, तो दोघांचा असतो. हात तिथं ठेव." बसमध्येसुद्धा माझा हात अजून नकळत बाजूला जातो.

त्यांचा पाय मला कळला तो एप्रिलमध्ये. भर दुपारी आम्ही गाडीतून उतरून टपरीकडे निघालो. ते पुढं, मी मागं. डांबर इतकं तापलं होतं की माझ्या चपलेतून चटका बसत होता. आणि मला रस्त्यात त्यांची डावी चप्पल पडलेली दिसली. उस्ताद पुढं चालले होते, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी. अगदी सावकाश. मी चप्पल उचलून पळत गेलो. "उस्ताद, चप्पल." त्यांनी खाली पाहिलं. दुसऱ्या कोणाचा तरी पाय आपल्या पँटीतून बाहेर आल्यासारखं पाहिलं.

"शुगर हाय," ते चहाला बसल्यावर म्हणाले. "उजव्याला बराबर कळते. हा डावा मात्र झोपून राहिला, वर्ष झालं."

"क्लच कसा दाबता मग?"

"आवाजावर. आन् गुडघ्यावर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाला बोलू नको लेका. ड्रायव्हिंग मास्तरचा पाय झोपला म्हणल्यावर कोण आपलं लेकरू पाठवीन माझ्याकडं?"

मी मान हलवली. त्या दिवसापासून मी त्यांना नव्हे, त्यांच्या पायाला भ्यायला लागलो.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी ड्रायव्हिंगची शाळा पुतण्याच्या हाती दिली. मला वाटलं, सुटलो. पण सुटलो नव्हतो. उस्तादांच्या मनात एक गाडी होती. पुष्कळ वर्षांपूर्वी फाट्यावर कोणीतरी परगावचा माणूस चहाला थांबला होता, दोन दारांची, जमिनीला टेकलेली, लाल स्पोर्ट्स कार घेऊन. चहा होईपर्यंत त्यानं उस्तादांना आत बसू दिलं. उस्तादांनी किल्लीला हात लावला नाही. दांडा तेवढा तीनदा हलवून पाहिला. "लोण्यात बोट फिरवावं तसा हालला," ते सांगायचे. "सगळा जन्म लोकायला हळू, हळू म्हणत गेला. एकदा अशी गाडी घेऊन हळू न म्हणता जायचं हाय, इथून डोंगरकड्यापर्यंत."

उस्तादांच्या बायकोला, काकूंना, हे मान्य नव्हतं. "दोन दारांची गाडी! मी काय डिक्कीत बसू?"

"बाजूला बस की."

"ते तर शेळीच्या खोपटात शिरल्यावानी शिरावं लागते. तुमचा पोर उचलून बसवीन का मला?" पोर म्हणजे मी. तोवर मी त्या घरात पोर झालो होतो.

नांदेडच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात तशाच दोन गाड्या आल्याचं कळलं. एक लाल, गेअरची. एक राखाडी, ऑटोमॅटिक. उस्ताद मला घेऊन गेले. जाताना मी मनात एकच म्हणत होतो, लाल विकली गेलेली असू दे.

विकली गेली नव्हती. दुकानातला माणूस राखाडीचंच कौतुक करत होता. "अंकल, आजकल सब यहीच लेते. पायाला आराम."

उस्तादांनी राखाडीत डोकावून पाहिलं. "दोनच पायडलं?" मग मला म्हणाले, "ही नवरदेवाची घोडी हाय बघ. बसायचं आपण, अन् लगाम दुसऱ्याच्या हातात."

त्यांनी लालची किल्ली घेतली. गाडीत जागा दोघांचीच, म्हणून दुकानातला माणूस त्यांचं लायसन ठेवून घेऊन तिथंच थांबला. आम्ही अर्धापूरच्या रस्त्याला लागलो. उस्तादांनी दांडा तीनदा हलवला आणि डोळे मिटले. मी खाली पाहिलं. डावी चप्पल पायातून अर्धी निघाली होती. मी बोलायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

त्यांनी चालवली मात्र सुंदर. हे मी खोटं सांगणार नाही. गेअर कधी पडला ते कळत नव्हतं. आवाज ऐकून ते गुडघा उचलत होते आणि हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मला रस्त्याच्या कडेला एक शेळी दिसली. एकटी, गळ्यात घंटा. दुसऱ्या कोणाला ती नुसती शेळी दिसली असती. मी मेंढरांच्या घरातला. घंटेची शेळी पुढं असली की मागं झाडीत शंभर मेंढरं असतात, आणि ती रस्त्यावर उतरली की एकही मेंढरू थांबत नाही. मी ओरडलो, "उस्ताद, मेंढरं!"

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थोडी दबली, पण थांबेना. मेंढरं रस्त्यावर आली होती आणि त्यांच्यात डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई होती. उस्ताद दात खाऊन दाबत होते. "दाबला, दाबला मी!" असं म्हणत होते. माझा हात आपोआप मधे गेला आणि मी हँडब्रेक खेचला. गाडी मागून सरकली, आडवी झाली, हिसका खाऊन बंद पडली. बाई माझ्या खिडकीपासून दोन हातांवर उभी होती. तिच्या तोंडून आवाज निघत नव्हता, नुसते ओठ हलत होते. मग तिला वाचा फुटली आणि तिनं आमच्या सात पिढ्या काढल्या. तो आवाज ऐकून मला रडू आलं, इतकं बरं वाटलं.

मी खाली पाहिलं तेव्हा कळलं. चप्पल निघाली होती आणि उस्तादांचा डावा पाय क्लचवरून घसरून ब्रेकच्या खाली गेला होता. उजव्या पायानं ते स्वतःचाच डावा पाय दाबत होते, सगळी ताकद लावून. आणि त्यांना काही कळत नव्हतं.

"उस्ताद, पाय काढा."

"कोणता?" ते म्हणाले.

मी वाकून हातानं त्यांचा पाय बाहेर घेतला. अंगठ्याजवळ कातडी फाटून रक्त आलं होतं. काच पुसायचं पिवळं फडकं होतं, ते मी गुंडाळलं. "दुखते का?"

"न्हाई ना," ते म्हणाले. "तेच तर."

दुकानापर्यंत गाडी मी आणली. उस्ताद उतरले, पण लाल गाडीपासून हलेनात. दारातून हात आत घालून दांड्यावर तळहात ठेवून उभे राहिले. "चप्पल घालून चालवली हीच चूक झाली," ते म्हणाले. "बूट घेतो बांधायचे. बुटात पाय घसरत न्हाई."

मी मोठ्या माणसांना उलट बोलत नाही. माझ्यात ती ताकद नाही. पण त्या बाईचे हलणारे ओठ मला दिसत होते. मी म्हणालो, "उस्ताद, तुम्हीच शिकवलं. भेव वाटलं की गाडी बाजूला घ्यायची, लाजायचं न्हाई. मला भेव वाटून राहिलं."

"कशाचं? मेंढरायचं?"

"तुमचं."

मग दांडा एकदा, दोनदा, तीनदा हलवून त्यांनी हात बाहेर काढला. दुकानाच्या माणसाला म्हणाले, "ती घोडी काढ बाबा."

परत येताना त्यांनी राखाडी गाडी एका पायानं चालवली. डावा पाय फडक्यात गुंडाळून सीटखाली मागं घेतला होता. त्यांचा तळहात पुन्हा पुन्हा मधल्या दांड्यावर जायचा, आणि तिथं हलवण्यासारखं काही नसल्यामुळे परत यायचा. डोंगरकडा जवळ आल्यावर म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं राबला बिचारा. आता बसून खाईन." ते पायाबद्दल बोलत होते. मी हसलो. मला खूप हलकं वाटत होतं. एका माणसाचा जीव आपण वाचवला, असं मी मनात म्हणालो. हे लिहायला लाज वाटते, पण म्हणालो.

घरी काकूंनी फडकं पाहिलं. "हे काय लावून घेतलं?"

"दारात सापडला," उस्ताद म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. काकू राखाडी गाडीकडे वळल्या. "हिच्यात बी शिरताना वाकावंच लागते की!" सगळे हसले आणि पायाचा विषय संपला.

आठवड्यानं मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला आलो. निघताना उस्तादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चवथं पायडल घेतलं ना बरोबर?" ते तर मी घेऊनच आलो होतो. इथं घरून फोन आला की मला आधी अर्धापूरचा तो हायवे लाल झालेला दिसायचा. लाल का, ते माहीत नाही. प्रत्येक फोनवर मी बाबांना विचारायचो, "उस्तादांची गाडी?" बाबा म्हणायचे, "झकास. परवा फाट्यावर चहा पाजला मला, गाडीतूनच. उतरत न्हाईत आजकाल." एकदा म्हणाले, "लंगडून राहिले थोडे." मी विचारलं, "गाडी हळू चालवतात ना?" बाबा म्हणाले, "हळूच." मी समाधानानं फोन ठेवला.

तीन महिने मी गाडीबद्दल विचारत राहिलो. पायाबद्दल एकदाही विचारलं नाही. त्याला काही काम उरलं नव्हतं, आणि तो दुखतही नव्हता. तो कोणाच्या लक्षात असणार? माझ्या असायला हवा होता. फडकं मी बांधलं होतं.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन आला. आवाजावरून मला कळलं की काहीतरी झालंय. "गाडी कुठं ठोकली?" मी विचारलं.

"गाडी काहून ठोकीन? गाडी दारात उभी हाय." मग म्हणाले, "उस्तादाचा पाय काढला रे. डावा, गुडघ्याखालून. त्या अंगठ्याची जखम आतून सडत गेली म्हणतात, त्याला कळलंच न्हाई. मी नांदेडला जाऊन आलो दवाखान्यात. हुशार हायेत आता, बोलून राहिले."



"तुला निरोप हाय," बाबा म्हणाले. "शुद्धीवर आल्यावर पहिलं तुझंच नाव घेतलं. म्हणे, पोराला कळवा, भिऊ नको म्हणा. गाडी बराबर निवडली त्यानं, डावा लागतच न्हाई तिला."