लिंबू गाडीला, दूध घराला

शोरूममध्ये सेल्समन बूट घालूनच आमच्या नव्या मोटरहोममध्ये ये-जा करत इंजिनाचं कौतुक सांगत होता. किल्ली हातात आली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि बायकोने पिशवीतून दूध आणि पातेलं काढलं.

"थांबा. आधी दूध उतू जाऊ दे."

सेल्समन हसला. "काकू, ते घराला करतात. ही गाडी आहे."

"मग आम्ही राहणार कुठे?" म्हणत तिने आतली शेगडी पेटवलीसुद्धा.

मी बघत राहिलो. कुणीतरी हक्काने चूल पेटवली की तिथे घर होतं. मग खाली जोतं असो की टायर. दूध फेसाळत वर आलं, काठावरून सांडलं.

मागे वळून पाहिलं, तर सेल्समन दारातच वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता.