फौजदाराच्या दमणीतला गठ्ठा

जानेफळच्या सरकारी शाळेत मास्तर असताना मला एक नाद होता. विक्टोरिया राणीच्या अमदानीत निघालेली, राज्यकर्त्यांची टर उडवणारी सचित्र वर्तमानपत्रं मी जमवत असे. मेहकरला पुस्तकं बांधणारे एक जिल्दसाज होते. मी त्यांना चाचा म्हणे. जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे उसवताना आतून असे कागद निघाले, की ते माझ्यासाठी ठेवत. त्या पत्रांचा एक संपादक तर इतका विक्षिप्त, की प्रत्येक अंकात गाढवावर उलटं बसून साहेबाला सलाम करणारं स्वतःचंच चित्र छापी.

सत्याग्रहाचे दिवस आले. शेजारच्या गावी एका मास्तराच्या घराची झडती झाली, सरकारविरोधी कागद सापडले आणि त्याची नोकरी गेली. बायको म्हणाली, सगळं चुलीत घाला. माझा हात होईना. गठ्ठा चाचांकडे ठेवावा म्हणून मी दुपारीच मेहकरच्या वाटेला लागलो.

मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. फौजदाराची दमणी होती. त्यांनी मला आग्रहानं शेजारी बसवून घेतलं. मांडीवरचा गठ्ठा मी दोन्ही हातांनी दाबून धरला होता. त्यांनी तो मागून घेतला, दोरी सोडली. वरचंच पान बगळ्याचं होतं: डोक्यावर कलेक्टरची टोपी, चोचीत मासा. ते बराच वेळ पाहत राहिले.

"कोनाचे हायेत हे?"

मी म्हणालो, "मेहकरच्या जिल्दसाजाचे."

त्यांनी ते पान घडी करून कोटाच्या खिशात घातलं. मेहकर आल्यावर उरलेला गठ्ठा परत देऊन त्यांनी मला उतरवलं.

चाचांच्या दुकानात गठ्ठा ठेवून मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. हातातली सुई खाली न ठेवता चाचा म्हणाले, "मंग खोटं काय बोलले तुमी? माह्याच दुकानातले हायेत ते."

त्यानंतर मेहकरहून कुणीही आलं, की चाचांना पोलिसांनी नेलं का, हे विचारायला माझी जीभ उचलत नसे. सहा-सात महिन्यांनी फौजदाराची बदली झाली. ना मला बोलावणं आलं, ना चाचांना. त्या पानाचं त्यांनी काय केलं, कळलं नाही.

चाचा पुढंही माझ्यासाठी कागद बाजूला ठेवत राहिले. निरोपही धाडत. मी मात्र त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही.