पोट्टी बोलून राहिली

आमची बुढी गेली त्याच हंगामात चार वर्षांची नातीण अडखळू लागली. चिखलात बंडी रुतावी तसा तिचा एकेक शब्द रुते. गावाने निकाल देऊन टाकला, आजी गेली म्हणून पोट्टीनं हाय खाल्ली. घरात आम्ही सगळे शहाणे. तिने "पा-पा-पा" केलं की पाण्याचा गिलास पुढे. तिला मात्र पापड पाहिजे असे. शेवटी ती बोलेचना. बोट दाखवे अन् गप. पोट्टी अशीच मुकी राहते का काय, हा घोर सुनेले लागला अन् मलेही.

तेवढ्यात शहरातल्या कॉलेजातली एक मॅडम अंगणवाडीत आली. लहान लेकरांचं अडखळणं कोणाचं आपोआप सुटते अन् कोणाले इलाज लागते, यावर तिचं संशोधन. लेकरांना खेळवे, त्यांचं बोलणं मोबाईलात भरे, अन् तेच पुन्हा पुन्हा ऐके. असाही धंदा असते!

मी सरळ विचारलं, "आजी मेली म्हणून झालं का हे?"

"नाही बाबाजी. दुःखानं होत नाही हे. या वयात पुष्कळ पोरांना होतं, पुष्कळांचं जातंही. हिचं जाईल का, ते आत्ताच सांगता येत नाही."

"एवढं शिकून सांगता येत नाही?"

"म्हणून तर अजून शिकतेच आहे."

बुढीच्या माथ्यावरचा आळ गेला, तेवढं बरं झालं.

इलाज असा, की रोज थोडा वेळ घरातल्या मोठ्या माणसाने तिच्यासंगं खेळायचं, हळू बोलायचं, अन् तिचा शब्द तिलेच पुरा करू द्यायचा. धानाची रोवणी चालू होती. लेक-सून दिवसभर बांधीत, धानाच्या शेतात. मोठा माणूस मीच उरलो.

आता माझा जन्म गेला या बांधीतून त्या बांधीतल्या माणसाशी बोलण्यात. हळू म्हणजे सावकाश, एवढं समजलं. आवाजाचं कोणी सांगितलंच नव्हतं.

"बाऽहुऽलीऽलेऽ जेऽऊऽ घाऽल!"

शेजारीण धावत आली. "काऊन बोंबलून राहिले गा भाऊजी? साप निघाला का?"

पोट्टी पोट धरून हसली. मॅडमच्या सांगण्यावरून आमचा खेळ मोबाईलात भरत होतो, तो तिने ऐकला तेव्हा तीही हसली. म्हणे, "बाबाजी, पोरीचं होईल काहीतरी. तुमचंच अवघड दिसतं."

मग आवाज उतरवला. गप बसणं त्याहून कठीण. तिचा शब्द अडला की माझेच ओठ हलत. तंबाखूची चिमूट दाबून बसू लागलो.

रोवणी सरत आली तेव्हाची गोष्ट. मी ओसरीत बसलो होतो. पोट्टी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"आ-आ-आबा! कों-कोंबडी तुह्या खा-खा-खाटेवर हागली, अन् तू ब-ब-बसून राहिला! तुले दि-दिसत नाही का?"

अडखळणं होतंच. कमी झालं का जास्त, ते मॅडम ठरवेल. पण तिने अर्ध्यात सोडलं नाही, अन् बोटही दाखवलं नाही. कोंबडीचं झालं, मग न धुतलेल्या धोतराचं काढलं. बुढी गेल्यापासून मले एवढं कोणी झापलं नव्हतं. तिचं सारं पुरं होईपर्यंत ऐकत बसलो, अन् मग उठून खाट धुतली.