तानीआक्काची जागा

धर्मराजला मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडायचं शिफारसपत्र लिहून दिलं ते मीच. वीस वर्षं मी मंडळीचा सेक्रेटरी होतो आणि त्याआधी शाळेत मराठी शिकवत होतो, त्यामुळे माझं अक्षर चांगलं आणि तोंड वाईट. त्या दिवशी मात्र अक्षर चालवलं आणि तोंड बंद ठेवलं. उलटं केलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या ख्रिस्ती लोकांत एक चर्च सोडून दुसऱ्यात जायचं म्हणजे नुसतं उठून जाता येत नाही. जुन्या मंडळीकडून शिफारसपत्र घ्यायचं आणि ते नव्या मंडळीत द्यायचं. पत्र हातात पडलं की जुन्या रजिस्टरातलं नाव त्याच दिवशी कटतं. सहा महिन्यांत ते कुठं दिलं नाही, तर माणूस ना इथला ना तिथला. आणि रजिस्टरात नाव नाही त्याची कबरस्तानातल्या जागेवरही सत्ता नाही.

धर्मराज माझा विद्यार्थी. बेळगावच्या खडेबाजारात एका लॅबमध्ये रक्त तपासतो, राहतो हिंडलग्याला. आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. बायको सुनयना निपाणीची, बौद्ध घरातली, सरकारी दवाखान्यात नर्स. लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. तिनं बाप्तिस्मा घेतला नाही आणि त्यानं घे म्हटलं नाही. घरात एका भिंतीवर क्रूस आणि समोरच्या भिंतीवर बाबासाहेब, मध्ये तानीआक्काची खाट. तानीआक्का म्हणजे धर्मराजची आई. "दोघं दोन्हीकडनं माझ्यावर नजर ठेवत्यात, पाप करायला सवडच न्हाय बघा सर," असं म्हणून ती हसायची. दर रविवारी हे सगळं घर चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायचं, सुनयनासुद्धा. गाणी तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

मग त्यांची मुलगी रचना सोळा वर्षांची झाली आणि तिच्या दृढीकरणाचा, म्हणजे लहानपणचा बाप्तिस्मा स्वतःच्या तोंडानं पक्का करायचा दिवस आला. आईबापांनी मुलाच्या मागे उभं राहायचं आणि पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, डोक्यावर हात ठेवायचा, अशी आमची रीत. कमिटीत कुणीतरी विचारलं, आई बाप्तिस्मा न घेतलेली, ती वेदीपुढं कशी उभी राहणार? नियम काढून वाचायचं काम सेक्रेटरीचं. मी वाचला. सुनयना बाकावर बसून राहिली आणि लेकीकडं मान उंच करून बघत राहिली. पुढच्याच आठवड्यात धर्मराज माझ्या घरी आला.

"पत्र लिवा सर. आमच्या घरातली चार माणसं एका बाकावर बसत्यात. चौघांना घेतंय असं चर्च बघतो."

"मिळणार नाही," मी म्हणालो.

"बेळगावात चर्चला काय तोटा हाय व्हय?"

मला राग आला होता. नियम माझा नव्हता, पण वाचला मी, म्हणून धर्मराजही मलाच दोष देणार असं वाटलं. तानीआक्का, धर्मराज, रचना अशी तीन नावं पत्रात घातली. उठता उठता तो म्हणाला, "आईची जागा बापाशेजारी हायच म्हणा. ती कुठं जातीय."

त्याच्या वडिलांच्या कबरीवर काळा दगड आहे. बसवतानाच त्यावर तानीआक्काचंही नाव आणि जन्मसाल कोरून घेतलेलं होतं, आणि मृत्यूच्या तारखेपुरती जागा कोरी. आमच्यात बरेचजण असं करतात. धर्मराजला वाटत होतं की दगडावर नाव आहे म्हणजे जागा पक्की. चुकतोयस असं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी पेनाचं टोपण लावलं.

मग त्यांची वणवण सुरू झाली. पहिल्यांदा ते एका कन्नड मंडळीत गेले. लोक मायाळू, सुनयनाला "बर्री अक्का", या ताई, म्हणून पुढच्या बाकावर बसवलं. पण तानीआक्का तिसऱ्या रविवारी घरातून निघेना. "बाजार कन्नडात करतो मी," ती म्हणाली, "पर पापं समदी मराठीतच केल्यात. कबूल कन्नडात कसं करू?" पुढं मोठ्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बघितलं. तिथं मराठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, होता, फादरही भला माणूस. तानीआक्का पुतळ्यांपुढं ताठ उभी राहिली. सासऱ्यानं मूर्ती सोडली म्हणून गावानं त्यांचं पाणी तोडलं होतं, आणि आता मी गुडघे टेकू, असं तिचं म्हणणं. उतारवयात माणूस वाकतं ते कमरेत, मनात नाही. त्यानंतर एका दुकानावरच्या माळ्यावर चालणारी प्रार्थना, मोठ्ठे स्पीकर आणि ढोल. रचना पहिल्यांदाच खूश झाली, टाळ्या वाजवून गायली. महिन्याभरानं तिथला पास्टर घरी जेवायला आला, भिंतीकडं बघितलं आणि बाबासाहेबांचा फोटो उतरवायला सांगितला. सुनयनानं त्याला पोटभर वाढलं आणि म्हणाली, "फोटो हाय तितंच ऱ्हाणार. भात घालू अजून?"

आमच्या चर्चच्या पायरीवर या गोष्टी चवीनं चघळल्या जायच्या. धर्मराज देवाला नाही, बाकाला शोधतोय, असं मीच एकदा म्हणालो आणि लोक हसले. आज आठवलं की मान खाली जाते.

खरं तर त्याला एकदा मिळालं होतं. निपाणीत सुनयनाच्या माहेराजवळ परशराम नावाचे म्हातारे गृहस्थ घरच्या ओसरीवर मराठीत प्रार्थना घ्यायचे. सात-आठ माणसं. कोण बाप्तिस्मा घेतलेलं आणि कोण न घेतलेलं, त्यांनी कधी विचारलं नाही. हिंडलग्याहून बेळगाव स्टँड आणि तिथून निपाणी, असं अडीच-तीन तास करत चौघं दर रविवारी जायची. तानीआक्का बसमध्येच गायला लागायची. पण ओसरीवर कसलं रजिस्टर आणि कसलं कबरस्तान. पत्र द्यायचं कुणाकडं? ते धर्मराजच्या बायबलातच राहिलं.

अशाच एका शनिवारी माझी बायको मंगल गेली. रविवारी माती द्यायची होती. कबरस्तान भरलेलं. पाठीमागच्या भिंतीला, गटाराच्या कडेला दोन जागा शिल्लक होत्या. कमिटीनं रजिस्टर काढलं आणि म्हणाले, सर, धर्मराजच्या वडिलांशेजारची जागा आता कुणाच्या नावावर नाही, वर झाडाची सावलीही आहे. मला नको म्हणता आलं असतं. पण मंगलला गटाराशेजारी ठेवायला जीव होईना. मी मान हलवली.

धर्मराज त्या रविवारी निपाणीला होता. तिसऱ्या दिवशी घरी आला, माझ्याजवळ बसून रडला. कुठं ठेवलं काकूंना, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मंगलच्या कबरीवर मी दगडही बसवला नाही, नाव दिसलं असतं म्हणून. बायकोच्या कबरीची लाज वाटणारा नवरा झालो मी.

वर्षाच्या आत परशरामना लेकानं पुण्याला नेलं आणि ओसरी बंद झाली. रचना बापाला म्हणाली, "पप्पा, मला आता कुठंच यायचं न्हाय." तीन पिढ्यांनी धरलेलं तिनं एका वाक्यात सोडलं, आणि तिला बोलायला कुणाला तोंड नव्हतं. गेल्या नाताळच्या आधी आठ दिवस तानीआक्का झोपेतच गेली.

धर्मराज पाळकांकडं आला. पाळक माणूस म्हणून वाईट नाहीत. मृताला परत पाठवायचं नाही, माती द्या म्हणाले. मी कबरस्तानात पुढं गेलो होतो. कुणाकडून तरी कळण्याआधी मी सांगावं असं ठरवलं होतं. पण धर्मराज माझ्याही आधी पोचला होता, बापाच्या दगडाशेजारच्या उंचवट्याकडं बघत.

"सर, हे कुणाचं?"

"मंगलचं."

"काकू हितं हायत व्हय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "मग आईला?"

मी भिंतीकडं हात केला. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं रे, चुकलो मी, असं म्हणालो. तो ओरडेल, माझी गचांडी धरेल असं वाटलं. धरायला हवी होती. पण त्यानं वाकून मंगलच्या कबरीवरची सुकलेली पानं काढली, आणि खड्डा खणणाऱ्यांना जागा दाखवायला भिंतीकडं गेला. माती देताना सुनयना गायली. रजिस्टरात कधीच नाव नसलेली एकटीच बाई, आणि शब्द तिलाच येत होते. रचना फाटकाबाहेर उभी राहिली, आत आली नाही.

मी सेक्रेटरीपद सोडलं. पाळकांनी धर्मराजला परत ये म्हणून दोनदा निरोप धाडला. तो आला नाही, दुसरीकडंही गेला नाही. रविवारी सकाळी लॅबमध्ये जाऊन बसतो असं सुनयना सांगते. लॅब बंद असते.

गेल्या महिन्यात कबरस्तानात धर्मराजची गाठ पडली. त्याच्यासोबत छिन्नी-हातोडा घेतलेला पाथरवट होता. तिघंही त्या काळ्या दगडापुढं उभे राहिलो. वडिलांच्या नावाखाली दोन तारखा आहेत. तानीआक्काच्या नावाखाली एक साल, आणि पुढं गुळगुळीत कोरी जागा.

"तारीख घालू का नको सर?" धर्मराजनं विचारलं. "घातली तर आई हितं हाय म्हनल्यासारखं हुतंय. न घातली तर गेलीच न्हाय म्हनल्यासारखं. तुमी सांगा. नियम काय हाय?"

वीस वर्षं मी लोकांना नियम वाचून दाखवले. पाथरवट छिन्नी धरून माझ्या तोंडाकडं बघत होता. मी वाकून मंगलच्या कबरीवरची सुकलेली पानं काढायला लागलो.