टोपीतला पारा

आर्वीच्या बाजारात हरिदासचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गडी हाताने कसबी, पण मनाने भारी डूख धरणारा. आणि त्याने डूख धरावा असंच घडलं होतं.

एक्क्याऐंशीच्या कापूस हंगामात त्याच्या थोरल्या भावाने, प्रेमदासने, अण्णाजींचा ट्रक सलग तीन दिवस हाकला. चालवता चालवताच डोळा लागला, ट्रक झाडावर आदळला आणि प्रेमदास जागीच गेला. मालक अण्णाजींनी पोलिसांना सांगितलं, "तो दारू पेला होता." थेंबालाही न शिवलेला माणूस मेल्यावर दारुडा ठरला. त्याच्या बायकोला, शोभाबाईला, नळावर बाया टोमणे मारू लागल्या.

"वहिनी, ज्या तोंडानं बोलला, त्याच तोंडानं परत घ्यायले लावीन त्याले," हरिदास म्हणाला.

दोन वर्षं तो खटपट करत राहिला. फुटक्या थर्मामीटरमधला पारा बोटभर काचनळीत भरला, टोकाला दोन तारा सोडल्या, त्या सेलला आणि बझरला जोडून सगळं टोपीच्या पट्टीत शिवलं. झोपेने मान पुढे कलली की पारा तारांवर घरंगळे आणि बझर कोकले. ड्रायव्हरांनी टोप्या आनंदाने घेतल्या. हरिदासला मात्र पुण्य नको होतं, अण्णाजी हवा होता.

दसऱ्याला ट्रकांची पूजा झाली की मालकाच्या घरच्यांनी पहिल्या ट्रकमधून देवळापर्यंत फेरी मारायची, ही अण्णाजींची रीत. त्यांच्या पत्नी सीताबाई नातीला घेऊन कॅबिनमध्ये बसल्या. चालवायला नानाजी, दोन दिवसांची खेप करून नुकताच आलेला. त्याच्या टोपीत हरिदासने सकाळीच नवे सेल घातले होते. इकडे ट्रक सुटण्याआधीचं अण्णाजींचं भाषण काही संपेना.

बझर कोकलला. नानाजीचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं.

"पेला असंल लेकाचा!" अण्णाजी ओरडले.

"काकू, तुमीच हुंगून पाहा," हरिदास गर्दीतून पुढे आला.

सीताबाईंनी नानाजीचं तोंड हुंगलं. "दारू नाई. कधीचा जागा हायेस रे?"

"दोन दिवस झाले, बाई."

त्या नातीला घेऊन खाली उतरल्या. "मंग प्रेमदासबी असाच गेला का हो?" त्यांनी सगळ्यांसमोर नवऱ्याला विचारलं.

अण्णाजींची मान खाली गेली. हरिदासने नानाजीची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर चढवली. बझर पुन्हा कोकलला.

"मान वर करा, मंगच बंद होते. माह्या वहिनीकडं पाहून बोला."

अण्णाजींनी मान वर केली. समोर शोभाबाई उभी होती. "प्रेमदास पेला नव्हता," ते पुटपुटले.

हरिदासने ते तीनदा म्हणवून घेतलं. प्रेमदासने जागून काढलेल्या एकेका दिवसाचं एकेकदा.