दुसऱ्या वहीचा पेत्रोनिओ

आमच्या बोलोन्यात गल्लोगल्ली पेत्रोनिओ. गावच्या संताचं नाव, जो तो पोराला तेच ठेवतो. म्हणून या पेत्रोनिओला सगळे नुसतं 'दुसरा' म्हणायचे. आठवडाभर तो मेंढीच्या आतड्यांपासून वाद्यांच्या तारा वळायचा आणि रविवारी चर्चच्या माडीवर दुसरं व्हायोलिन वाजवायचा. पहिलं एर्कोलेचं. खालच्या सुरांच्या आधाराला माझा ऑर्गन. ज्याच्या त्याच्या सुरांची वही वेगळी. एकतीस वर्षं आम्ही तिघंच.

"एकदा तरी पहिली वही दे रे," पेत्रोनिओ दर सणाला म्हणायचा.

"मी मेल्यावर घे."

"तू कसला मरतोस लेका!"

मग एर्कोले त्याच्या हातांचा वास घेऊन नाक मुरडायचा. मला अगदी वीट आला होता त्या बोलण्याचा. आता तेच ऐकायला जीव तुटतो.

कार्निव्हलच्या आठवड्यात एर्कोले तापाने गेला. त्याची बायको जिनेव्रा पहिली वही फडक्यात गुंडाळून पेत्रोनिओकडे घेऊन आली. "त्यांनी सांगून ठेवलं होतं, भावजी," एवढंच म्हणाली. ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस चर्चमध्ये व्हायोलिन बंद. पेत्रोनिओ घरी खिडक्या लावून पहिल्या वहीतले सूर घासत बसला. शेजारी म्हणायचे, "दुसऱ्याला बढती मिळाली." तो हसायचासुद्धा.

ईस्टरला एर्कोलेचाच आवडता सोनाटा काढला. दुसऱ्या वहीवर नदीपलीकडचा ग्वाल्तिएरो. संथ भागात एक जागा आहे. तिथे दुसऱ्याने सूर धरून थांबायचं, पहिल्याने त्याच्या अगदी शेजारच्या सुरावर येऊन त्याला घासायचं, कानाला बोचेल इतकं. मग दुसऱ्याने एक पायरी खाली उतरायचं. एकतीस वर्षं पेत्रोनिओ तिथे थांबला आणि एर्कोले आला.

ग्वाल्तिएरोने सूर धरला. पेत्रोनिओनेही तोच धरला. पहिली वही समोर उघडी, आणि हा बघतोय डावीकडे, एर्कोले उभा राहायचा तिथे. दोघंही थांबलेले. माझ्या वहीत खालच्या सुराजवळ आकडा असतो, वर कोणता सूर हवा ते सांगणारा. उजव्या हाताचं एक बोट टेकवलं असतं तर जागा भरली असती. माझ्याच्याने झालं नाही. एकटा डावा हात चालत राहिला.

मग पेत्रोनिओ नेहमीसारखा एक पायरी खाली उतरला. ग्वाल्तिएरोने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी उजव्या हाताने डोळे पुसत होतो.

प्रार्थना संपल्यावर पेत्रोनिओने वही त्याच फडक्यात बांधली आणि जिनेव्राच्या दारी गेला. मीही मागोमाग गेलो.

"कसं झालं?" तिने विचारलं.

त्याने वही तिच्या हातात दिली. "मी थांबलो होतो, वहिनी," तो म्हणाला. "तो आलाच नाही."