दुपारी तोडलेली पानं

मी चौथी शिकलेलो. बायकोला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा लावायची. पण विद्यापीठातल्या सरांना तिनं हरवलं, आणि तेही मेल्यावर.

आमची मुलगी पीएचडी करते. मिरचीच्या पानाचा फोटो बघून कॉम्प्युटरनं रोग सांगायचा, असं तिचं काम. फुलकिडे लागले की पान वर वळतं, द्रोणासारखं. कोळी कीड लागली की खाली वळतं, उपड्या होडीसारखं. पण कॉम्प्युटरला हे कळायचं तर आधी माणसानं पानं निवडून द्यावी लागतात. ती निवड बायकोनं केली. तापीकाठी, सारंगखेड्याच्या अलीकडे आमचं वावर आहे. दोन हंगाम ती तिथं गोणपाटावर पानं मांडत होती. "हाई कोळी. हाई फुलकिडा. हाई चांगलं." मुलगी फोटो काढायची.

मला वाटायचं, सगळं मुलीच्या लॅपटॉपातच चालतं. एकदा लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला. मी कपाळाला हात लावला. मुलगी मात्र चहात बिस्कीट बुडवत बसलेली.

"आप्पा, काम आठे नही चाली ऱ्हायनं," ती म्हणाली.

मग तिनं समजावलं, काम इथं लॅपटॉपात चालतच नाही. विद्यापीठात एक थोरलं यंत्र आहे. त्याचे वाफे पाडून ज्याला त्याला एकेक देतात. ज्याला मिळतो त्याला ते स्वतःचं पुरं मशीनच वाटतं, पण हात लावायला काही नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. राखण, दुरुस्ती सगळी विद्यापीठाच्या कॉम्प्युटर केंद्राची माणसं करतात. आपण घरून नुसतं काम सांगायचं.

"म्हंजे बांध त्यासना, पीक आपलं," मी म्हणालो.

"आप्पा, पीएचडी तुम्हीच करी ल्या!"

त्यानंतर बायको गेली. दोन दिवसांचा ताप, बस. चांगल्या पानांचे फोटो अजून कमी पडत होते. मुलगी म्हणाली, राहू द्या. मी म्हणालो, मी आणतो. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा ते बरं होतं. मी फोटो काढले, तिनं आईच्या फोटोंत मिसळले. आणि मशीन चुकायला लागलं. चांगल्या पानाला रोगट म्हणे, रोगटाला चांगलं.

मुलीचे सर फोनवर म्हणाले, "न शिकलेल्या बाईचा नुसता नजरेचा अंदाज आहे तो. आईची निवड काढून टाका सगळी. लॅबमधून नव्यानं सुरुवात करा."

मुलगी रडली. मला संताप आला. जिनं जन्म मिरचीत काढला, तिची नजर अंदाज?

मी म्हणालो, चुकलेली पानं मला दाखव. ती एकेक दाखवायला लागली. सातव्या-आठव्या फोटोवर मी थांबलो. पानाखाली सावली इवलीशी, काळी कुट्ट.

"काय व्हयनं आप्पा? हाई कवयनं शे?"

"दुपारनं," मी म्हणालो. "मन्हं शे हाई."

बायको उजाडताना वावरात जायची. ऊन चढलं की निरोगी पानही मान टाकतं, खाली वळतं, हे तिला ठाऊक. ठाऊक मलाही होतं. पण ती गेल्यापासून सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं. चुलीकडे बघत बसायचो, बारा वाजता वावरात जायचो. माझी ती मान टाकलेली पानं मी 'चांगली' म्हणून दिली होती. मशीन बिचारं काय करणार! चूक माझी, आणि नाव तिचं खराब होत होतं.

आता माझी पानं वेगळी काढायची कशी? मुलीनं सगळ्या फोटोंना नवे नंबर देऊन एकच ढीग केलेला. फोन भरला म्हणून मूळ फोटो पुसून टाकलेले. तिनं केंद्राला फोन लावला. तिकडं एक बाई होत्या. म्हणाल्या, "काळजी करू नका. दर आठवड्याला तुमच्या मशीनची जशीच्या तशी प्रत आम्ही राखतो. कुठल्या आठवड्याची हवी?"

मुलीनं फोन माझ्यापुढं केला. मी म्हणालो, "माझी बायको मरायच्या आधीची."

बाई हळूच म्हणाल्या, "काका, तारीख सांगा."

ती काय विसरणार होतो? सांगितली. तासाभरात त्यांनी दुसरं मशीन उभं करून दिलं. त्यात फक्त बायकोची पानं होती. मुलीनं सरांना सगळं कळवलं आणि काम लावलं. दोन दिवस ते चाललं. सरांकडं भिंगाखाली किडा बघून ठरवलेली पानं होती, मशीननं कधी न पाहिलेली. त्यांच्यावरच परीक्षा घेतली.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. मुलीनं फोनचा आवाज मोठा केला. "मी चुकलो," सर म्हणाले. "आईची निवड पक्की आहे. एकही पान काढू नका. प्रबंधात त्यांचं नाव घाला, निवड करणारी म्हणून. तेवढी वडिलांची पानं मात्र फेका!"

मी इतक्या जोरात हसलो की शेजारचा धावत आला.

"काय व्हयनं रे भाऊ?"

"मन्हा बठ्ठा पानं फेकाई गयात!"

"मंग हासस कसाले, येडा?"

"तिन्हं बराबर निंघनं," मी म्हणालो. "एकूणएक."